सांध्याने झिजावे, दगडाने टिकावे



जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, तर बारावा, जिंजी, तामिळनाडूत. या गौरवाने प्रत्येक मराठी मनाला आनंद होणे स्वाभाविक आहे. मात्र यादीबाहेरच्या शेकडो गढ्या, वेशी, बारवा, देवळे आणि वाडे यांची राखण गावोगावच्या माणसांवरच आहे. तेथे तरुण श्रमदानाला उभे राहतात, वर्गणी जमते, गवंडी ठरतो आणि पहिली खरेदी होते ती सिमेंटच्या पोत्यांची. हेतू निर्मळ असतो. परंतु त्या पोत्यानेच पुष्कळदा भिंतीचे आयुष्य घटते. म्हणून जुन्या भिंतीच्या दर्जा कशाने व कशा भराव्यात, हा केवळ गवंड्यापुरता प्रश्न उरत नाही.

जुनी भिंत बांधणाऱ्यांनी तिच्यात ओल शिरणारच, हे गृहीत धरले होते. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते बाहेर टाकते. चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्याने ही ओल त्याच्यातून सहज निघून जाते. सिमेंटचा सांधा कठीण आणि बराच घट्ट असतो. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. ज्या भिंती त्यापूर्वी उभ्या राहिल्या, त्यांच्या रचनेत या पदार्थाचा विचारच नव्हता. अशा भिंतीच्या दर्जा सिमेंटने बुजवल्या की ओलीची वाट बंद होते. मग ती विटेतून किंवा जांभ्यातून बाहेर पडू लागते. तिच्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिकरूप धरतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या उभ्या दिसतात आणि मधली वीट खोल गेलेली असते. काळा पाषाण स्वतः फारशी ओल सोडत नाही. त्यामुळे पाणी दोन दर्शनी थरांमधल्या भरीत साचते, तेथला चुना धुऊन जातो आणि एके दिवशी भिंतीला पोट सुटते.

मुरूडजवळच्या समुद्रातील पद्मदुर्गाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. खाऱ्या वाऱ्याने व लाटांनी तेथील तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, पण दगडांमधला चुना मधाच्या पोळ्यासारखा उभा आहे. हे पाहून प्रत्येक जण त्या चुन्याची वाखाणणी करतो, आणि ती रास्तच आहे. परंतु त्याच तटावर दुसरा धडाही लिहिलेला आहे. सांधा दगडापेक्षा चिवट ठरला की झीज दगडाच्या वाट्याला येते. सांधा झिजला तर तो पुन्हा भरता येतो, घडीव चिरा मात्र परत आणता येत नाही. म्हणून दर्जेतला माल दगड-विटेपेक्षा किंचित मऊ असावा, हा दुरुस्तीचा पहिला नियम.

माल निवडण्याआधी भिंतीलाच विचारावे. सांध्यातला जुना तुकडा काढून पाहावा: त्यात वाळू जाड आहे की बारीक, विटेची भुकटी आहे काय, कोकणात असल्यास शिंपल्यांचे कण आहेत काय? सौम्य आम्लात टाकल्यास चुना विरघळतो आणि वाळू तळाशी उरते, त्यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. शिंपल्याचे कणही आम्लात विरघळतात, हे मात्र ध्यानी असावे. वाड्यांच्या वरच्या विटा अनेकदा मातीत रचलेल्या असतात. तेथे मातीचाच सांधा योग्य. कित्येक गडांचे तट तर मुळातच कोरड्या रचनेचे आहेत. त्यांच्या फटी या पाणी निघून जाण्याच्या वाटा आहेत, त्या भरूच नयेत.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवताना पाणी उकळते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेत, लहान मुले दूर हवीत. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यावा. पिशवीतली तयार भुकटी घ्यायची झाल्यास ती ताजी असावी. चिमूटभर भुकटीवर व्हिनेगर टाकून ती जोरात फसफसली, तर तिने हवेतील कार्बन डायऑक्साइड आधीच शोषला आहे आणि तिची बांधण्याची शक्ती सरली आहे, असे समजावे.

वाळू धुतलेली, टोकदार व लहानमोठ्या कणांची हवी. खाडीची खारी वाळू वर्ज्य. कोरड्या वाळूने भांडे काठोकाठ भरून त्यात मापाने पाणी ओतावे. पाणी वर दिसू लागेपर्यंत जितके लागले, तितकी वाळूतली पोकळी आणि साधारण तितकाच चुना. बहुधा हे माप एक-तृतीयांशाच्या आसपास येते. एकास तीन हे प्रमाण येथूनच आले आहे. साधा चुना हवेने आवळतो. सतत ओलीच्या जागी त्याला बेताने भाजलेल्या विटेच्या सुरखीची जोड द्यावी. चुना एक, सुरखी एक, वाळू दोन हे प्रमाण परिचित आहे. गूळ, हिरडा, बेलफळ यांच्या पाककृती प्रांतोप्रांती निराळ्या आहेत. त्या आजमावाव्यात, पण आधी आडबाजूच्या हातभर भिंतीवर, आणि महिनाभर वाट पाहून. माल पाणी घालून पातळ करू नये, मळून मऊ करावा. गडांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक बैलांकरवी फिरे, ते याच कामासाठी. ‘थोडेसे सिमेंट’ मिसळण्याचा मोह टाळावा.

भरण्यापूर्वी ओलीचे मूळ शोधावे: तुंबलेली पन्हाळ, पिंपळाचे मूळ, जोत्याशी चढलेली माती. सांधा त्याच्या रुंदीच्या दुपटीइतका खोल, छिन्नी-हातोड्याने साफ करावा. कापणीयंत्राने चिऱ्यांच्या कडा दुखावतात. धूळ झाडून, भिंत ओली करून माल थरांथरांनी दाबून भरावा आणि चिऱ्याच्या कडेपासून किंचित आत ठेवावा. ओले गोणपाट लावून निदान आठवडाभर तो सुकू देऊ नये. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने या कामाला उत्तम. वैशाखाच्या उन्हात माल तडकतो, पावसाच्या तोंडावर केलेला वाहून जातो.

शेवटी कायद्याची गोष्ट. केंद्र संरक्षित स्मारकांवर १९५८ चा कायदा लागू आहे. तेथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून कोणीही, कितीही श्रद्धेने, थापी लावू नये. राज्य संरक्षित स्थळांनाही हेच पथ्य. जे आपल्या हाती आहे ते गावचे देऊळ, बारव, वाडा. तेथे पुढच्या बैठकीत जीर्णोद्धाराचा विषय निघेल, तेव्हा सिमेंटची पोती मागवण्यापूर्वी गावातल्या वृद्ध गवंड्याला बोलवावे. चुना मळलेले हात आता थोडे उरले आहेत. ते आहेत तोवर दोन तरुणांनी त्यांच्याजवळ बसून हे काम शिकून घेतले, तर भिंतीसोबत ती विद्याही राहील.