वर्गात बसलाय, पण वर्गात आहे का?

एसटीत असाल, तर हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय थोडा शांतपणे ऐकायचा आहे. सहावी ते आठवीच्या साध्या वर्गात बसणारी जी मुलं आहेत, ज्यांना वाचायला, लिहायला, ऐकायला किंवा समजून घ्यायला वेगळी मदत लागते, त्यांच्याबद्दल बोलूया. मी सॉफ्टवेअरवाला, शिक्षक नाही. पण माझी मावशी इथे रत्नागिरी तालुक्यात झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवते, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या ताटावर असतोच.

आधी कायदा, अगदी थोडक्यात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. ऑटिझम आला, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आली. शाळेने या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि सगळ्यांसोबत शिकवायचं, हेही त्यात आहे. म्हणजे ते मूल वर्गात आहे ते कुणाच्या मेहेरबानीने नाही, हक्काने.

मग शिकवायचं कोणी? २०२४ मध्ये राज्य सरकारने विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे दर केंद्राला एक. वर्षानुवर्षं करारावर राबलेल्या लोकांसाठी ही मोठीच गोष्ट. पण आता गणित करा. एका केंद्रात दहा शाळा धरल्या आणि रोज एक शाळा केली, तरी तुमच्या शाळेत त्या बाई येणार जवळजवळ दोन आठवड्यांनी. त्यात आपल्याकडचे चढ-उतार आणि जुलैचा पाऊस! म्हणजे उरलेले सगळे दिवस त्या मुलाचे शिक्षक कोण? रोजचेच बाई नि गुरुजी.

आणि नेमकं याच वयात अवघड होतं. आपल्याकडे मूल्यमापनाचे दोन भाग असतात. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारं: तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प वगैरे. आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के असतो. पाचवी-सहावीला ५०. सातवी-आठवीला ४०. बघा काय होतं ते! मूल जसं वर चढतं, तसं बोलून, करून दाखवायची जागा कमी होते आणि पेपरची वाढते. त्यात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. फेरपरीक्षेतही जमलं नाही, तर त्याच वर्गात. ज्याला धडा कळलाय पण लिहिता येत नाही, तो पोरगा इथे अडकतो. मग ‘शाळेत लक्षच नाही याचं’ म्हणत त्याची शाळा सुटते.

मावशी काय करते सांगतो. इतिहासाचा धडा आधी स्वतः मोठ्याने वाचते, सगळ्यांसाठीच. फळ्यावर पाच शब्द लिहिते: गड, किल्लेदार, महसूल असे. मग ज्याला लिहायला जड जातं तो तेच उत्तर तोंडी देतो, शेजारचा मुलगा ऐकतो आणि राहिलेलं भरतो. प्रश्न तोच, धडा तोच. सोपा केलेला नाही, फक्त उत्तर द्यायचा रस्ता बदललाय. आणि हे नियमाबाहेरचं नाही हं, तोंडी काम आकारिकमध्ये आहेच!

आता तुम्ही म्हणाल, दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना वेळ कुठे? खरंय. ऑनलाइन माहिती भरण्यातच अर्धा दिवस जातो त्यांचा. म्हणून थोडं काम आपल्यावर येतं.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पण पीडीएफमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसेल, तर वाचून दाखवणारं ॲप भलतंच काहीतरी बडबडतं. मग सोपा उपाय: तुमचा आवाज. घरात, वाडीत असं मूल असेल, तर एक धडा फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच्या आईच्या व्हॉट्सॲपवर टाका. सावकाश वाचा. दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न कमावता, असं रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून मुभा आहे.

दुसरं, प्रमाणपत्र. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर कागद लागतात, आणि ते व्हायला फेऱ्या पडतात. दहावीची वाट बघू नका. सातवीतच मुख्याध्यापकांना किंवा गटसाधन केंद्रात जाऊन विचारा.

आमच्या धंद्यात एखादं ॲप दहातल्या एका माणसाला उघडत नसेल, तर आम्ही माणसाला नापास करत नाही, ॲप दुरुस्त करतो. शाळेलाही हाच नियम लावूया.

तुमच्या वर्गात असा कुणी होता का? बाईंनी काय केलं होतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू. काळजी घ्या!