रंगवलेल्या भिंती, दूर गेलेले धनी



राजस्थानातल्या सीकर, झुंझुनू, चुरू या भागाला शेखावाटी म्हणतात. मंडावा, नवलगढ, फतेहपूर, रामगढ ही तिथली बाजारगावं. बाहेर वाळू आणि खेजडीची झाडं, आणि गल्लीत शिरलं की दोन्ही अंगांना नखशिखांत रंगवलेल्या हवेल्या. राधाकृष्ण आहेत, हत्ती-उंट आहेत, आणि त्यांच्याच रांगेत आगगाडी, मोटार, टोपीवाला साहेब! काम करणाऱ्यांना चेजारा म्हणतात. भिंत बांधणारा गवंडीच बहुधा ती रंगवणारा. ओल्या चुन्यावर गेरू, नीळ, काजळी घोटायची, म्हणजे रंग गिलाव्यातच मुरतो.

मला तिथे सर्वांत अस्वस्थ केलं ते या हवेल्यांच्या काळाने. गुजरातची बंदरं आणि दिल्ली यांच्यामधला तांड्यांचा रस्ता इथून जाई. पुढे मुंबई-कलकत्त्याची बंदरं वाढली, रेल्वे आली आणि रस्ता ओस पडला. इथले व्यापारी शेठ परमुलखात गेले. यातल्या बऱ्याच हवेल्या त्यानंतर उभ्या राहिल्या. घरधनी कलकत्त्याच्या पेढीवर, बायकामुलं इथे, आणि येणाऱ्या पैशांतून भिंती रंगताहेत. बिर्ला इथल्याच पिलानीचे. 1889 साली सीकरजवळ जन्मलेले जमनालाल बजाज दत्तक होऊन वर्ध्याला आले. ज्या गावांनी देशाला उद्योगपती दिले, तिथे आज कित्येक दारांना कुलूप आहे.

बारामतीलाही सावकाराचा वाडा आहे, कऱ्हेकाठी, बाबूजी नाईकांचा. बाजीरावांना कर्ज देणारा हा माणूस 1740 मध्ये बाजीराव गेल्यावर थेट पेशवेपदावर हक्क सांगायला उभा राहिला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पाठिंबा असूनही पद मिळालं नाही. पण याच नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत होते. तिकडच्या शेठांनी चितारी पोसले, आपल्या सावकाराने कवी पोसला. माझ्या मते आपला सौदा चांगला झाला. मोरोपंतांच्या ‘केकावली’ला गिलावा लागत नाही.

शेठांनी विहिरीही बांधल्या. चारही कोपऱ्यांवर उंच मनोरे, वाळूतल्या वाटसरूला पाणी लांबून दिसावं म्हणून. आपल्याकडचा नीरा डावा कालवा 1885 सालचा, पण कालव्याच्या वरच्या अंगाला, जिराईत गावांत वाढलेल्या माणसाला ते मनोरे चित्रांपेक्षाही भिडतील.

आता एक कळकळीची विनंती. शेखावाटीत डागडुजीला सिमेंट लावलेल्या भिंती पाहिल्या. ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि शेजारचं जुनं चित्र पापुद्र्यांनी गळतं. बारामतीच्या, इंदापूरच्या पेठेत ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी सिमेंटची गोणी फोडण्याआधी चुन्यात काम केलेला जुना गवंडी शोधावा. चुना भिजवून, वाळूबरोबर घाणीत मळून घ्यायला दिवस लागतात. तेवढे दिवस द्यावेत, आणि त्या गवंड्याच्या हाताखाली दोन तरुण पोरं ठेवावीत.