केसांआधी त्वचा



या परिषदेत केशप्रत्यारोपणावर बरेच निबंध वाचले गेले. शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे फोटो दिसले, ग्राफ्टचे मोठमोठे आकडेही ऐकले. ज्या त्वचेत हे ग्राफ्ट रुजतात, तिचा जवळून घेतलेला फोटो मात्र क्वचितच पडद्यावर आला. मला आज त्वचेबद्दलच बोलायचे आहे.

डोक्याच्या मागचे केस पुढे लावले तरी आपला मूळ गुणधर्म सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ साली मांडले. आपले सगळे काम त्यावर उभे आहे. त्या काळी ४ मिलिमीटरपर्यंतचे गोल तुकडे लावत. केस उगवत, टिकतही. पण डोके बाहुलीसारखे दिसे. आज ग्राफ्ट काढायचा पंच १ मिलिमीटरच्या आसपास आला आहे, तरी त्वचेची परीक्षा संपलेली नाही. ग्राफ्ट वर राहिला तर बारीक उंचवटे येतात, खोल गेला तर केसाच्या बुडाशी खड्डा पडतो. केस मोजून हे कळत नाही. त्यासाठी ओले केस मागे सारून तिरप्या उजेडात टाळू पाहावी लागते.

आपण शिकलो ती बहुतेक पुस्तके गोऱ्या त्वचेवर लिहिलेली आहेत. त्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या लालीची काळजी जास्त. आपल्या सावळ्या रुग्णाची लाली तांबूस-काळपट दिसते, म्हणून सुरुवातीचा जंतुसंसर्ग नजरेतून सुटू शकतो. लाली गेल्यावर मागे काळे डाग राहतात आणि ते फिके व्हायला कित्येक महिने लागतात. डोनर भागात उलटा प्रकार होतो. ग्राफ्ट काढलेली प्रत्येक जागा बारीक व्रण होऊन भरते, आणि गडद त्वचेवर ते पांढरे ठिपके अधिक उठून दिसतात. केस बारीक कापणाऱ्या तरुणाला हे आधी सांगायला हवे. ‘डाग न ठेवणारी शस्त्रक्रिया’ ही जाहिरात खोटी आहे, आणि ती करणाऱ्यांना आपण खोटे म्हटले पाहिजे.

रुग्णाला सर्वांत जास्त छळते ते अज्ञान. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज पापण्यांवर उतरते आणि घरचे घाबरतात. खपल्या साधारण सात ते दहा दिवसांत सुटतात. तोवर नखाने खरवडायचे नाही, घट्ट हेल्मेट घालायचे नाही, आणि आईने प्रेमाने दिलेली हळदही लावायची नाही. पुढे दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळतात. मूळ आत शाबूत असते, पण हे आधी सांगितले नसेल तर रुग्णाचा धीर सुटतो. नवे केस तीन-चार महिन्यांनी डोकावतात, पूर्ण रूप यायला वर्ष लागते. लग्न महिन्यावर आले असताना येणाऱ्या नवरदेवाला म्हणूनच स्पष्ट नाही म्हणावे. महिन्याभराने तो आधीपेक्षा विरळ दिसेल, वर टाळूवर डाग असतील, आणि नेमके तेच फोटो जन्मभर घरात राहतील.

आणखी एक गोष्ट. ‘सिगारेट ओढता का?’ एवढे विचारून भागत नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री यांचीही नावे घेऊन विचारा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यात ग्राफ्ट दाटीने लावले, मधुमेह असला किंवा जुना व्रण असला, तर मधल्या टाळूची त्वचा मरू शकते. तिथे काळसर-राखी पट्टा दिसला तर त्याच दिवशी रुग्णाला पाहा. फोनवर मलम सांगून मोकळे होऊ नका.

हे धोके ओळखायला नीट शिकावे लागते. व्हिडिओ किंवा कार्यशाळा पाहणे हे केशप्रत्यारोपणाचे पुरेसे प्रशिक्षण नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावले. तेव्हा ते मला कठोर वाटले नाही, आजही वाटत नाही. ग्राफ्ट लावायला हात शिकतो. बिघडू लागलेली त्वचा ओळखायला मात्र ती रोज पाहावी लागते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने माझा प्रस्ताव आहे: पुढच्या परिषदेपासून प्रत्येक निबंधात दहावा दिवस, पहिला महिना, चौथा महिना आणि एक वर्ष असे चार फोटो असावेत. केस ओले असावेत, डोनर भागही दिसावा, आणि ज्यांचे डाग राहिले त्यांचेही फोटो रुग्णाच्या संमतीने दाखवावेत. पहिल्या सत्रात मी माझ्या रुग्णांचे दाखवीन.