नौका धनिकांच्या, पगार खलाशांचे



आमच्या सिन्नरहून समुद्र पुष्कळ दूर. पूर्वेकडच्या गावांत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे नौकांच्या गप्पा कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ही गोष्ट नौकांची थोडी आणि हक्काच्या मजुरीची अधिक आहे, म्हणून सांगतो.

सर्वांत मोठी खासगी नौका कोणाची, अशी चढाओढ जगातल्या धनाढ्यांत चालते. २०१० साली रशियाच्या रोमन अब्रामोविच यांची ‘एक्लिप्स’ आली, सुमारे १६२ मीटर लांब. तीनच वर्षांनी जर्मनीच्या ल्यूर्सन गोदीतून ‘आझाम’ बाहेर पडली, ती १८० मीटरची. आपल्या हिशेबाने ३३ फुटी बाजूचे अठरा गुंठे एकापुढे एक मांडा, तेवढी! अमेरिकेच्या जेफ बेझोस यांच्या ‘कोरू’ची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्या डोलकाठ्या इतक्या उंच, की २०२२ साली रॉटरडॅमच्या जुन्या लोखंडी पुलाचा मधला भाग काढून वाट द्यावी, अशी बोलणी निघाली. शहरातले लोक खवळले, नासकी अंडी मारू म्हणाले. शेवटी डोलकाठ्या न उभारताच नौका दुसऱ्या वाटेने न्यावी लागली.

आपल्याकडचे उदाहरण विजय मल्ल्या यांचे. २००६ साली त्यांनी ‘इंडियन एम्प्रेस’ ही ९५ मीटरची नौका घेतली. त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीची कचेरी मुंबईत होती. २०१२ साली ती विमाने थांबली, तेव्हा कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. पुढे नौकेवरच्या खलाशांवरही तीच पाळी आली. त्यांत आपले हिंदी खलाशी होते, ब्रिटिश होते, पूर्व युरोपातलेही होते. थकबाकी दहा लाख डॉलरांच्या वर गेली. आता मालकाला शोधायचे कुठे?

इथे समुद्राचा एक जुना कायदा कामी आला. खलाशाचा पगार हा मालकाच्या अंगावरचा नुसता उधार नव्हे, तो जहाजालाच चिकटलेला बोजा असतो. कांदा विकून व्यापाऱ्याकडे खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. कांदा कोणाच्याही वखारीत जावो, त्याच्यावरचा तुमचा हक्क त्याच्याबरोबर जावा, तसे हे आहे. जहाज विकले गेले तरी हा बोजा सुटत नाही, आणि लिलाव झाला तर गहाणदार बँकेच्याही आधी खलाशाचा नंबर लागतो. शिवाय २०१७ पासून सागरी मजूर कराराखाली चार महिन्यांच्या थकलेल्या पगाराची हमी विम्याने द्यावी लागते.

मार्च २०१८ मध्ये माल्टा बेटावर ती नौका अडकवली गेली. खलाशांच्या बाजूने नॉटिलस ही संघटना उभी राहिली. पहिल्या लिलावात ४ कोटी ३५ लाख युरोंची बोली लागली, पण बोली लावणाऱ्याने पैसेच भरले नाहीत! पुन्हा विक्री झाली ती साडेतीन कोटींना.

आपल्या देशातही २०१७ चा सागरी दाव्यांचा कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यातही जहाजावरच्या बोजांमध्ये खलाशांच्या पगाराला पहिले स्थान आहे. मालक लंडनला असो की दुबईला, जहाज मुंबई बंदरात सापडले की उच्च न्यायालय ते अडकवू शकते. वॉरंट मालकाच्या हाती पडण्याची वाट पाहावी लागत नाही. ते जहाजावरच चिकटवतात.