दुकान, ओसरी आणि झाड

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



शाळामास्तराने इमारतीविषयी बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु आपल्या न्यासाच्या रस्त्याकडील जागेत दुकाने बांधण्याचे घाटत आहे आणि त्यांच्या भाड्यातून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या चालावयाच्या आहेत. मी स्वतः याच न्यासाच्या शिष्यवृत्तीवर पदवीधर झालो. तेव्हा या प्रश्नावर गप्प बसणे मला कृतघ्नपणाचे वाटले.

कच्च्या आराखड्यात सात गाळे आहेत. ते थेट रस्त्याच्या कडेला भिडतात आणि त्यांच्यासाठी दर्शनी भागातील जुना कडुलिंब तोडावा लागतो. माझे म्हणणे एवढेच की दुकाने अवश्य बांधावीत, पण झाड राखून आणि वाटसरूची वाट राखून बांधावीत.

माझे वडील मराठवाड्यातील एका बाजारगावी शिंपीकाम करीत. दुकान जेमतेम दहा फूट रुंद. पण पुढे ओसरी होती आणि ओसरीपुढे पिंपळाचा पार. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायाबापड्या तेथे टेकत, भाकरी सोडीत. वडिलांनी कोणास उठविल्याचे मला स्मरत नाही. ते म्हणत, “बसलेला माणूस उठताना एकदा तरी दुकानाकडे बघतोच.”

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर आपल्या हैदराबादेतच पाहा. १९०८ साली मुसा नदीला महापूर येऊन शहराची वाताहत झाली. त्या वेळी आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली, असे सांगतात. पुढे १९१२ मध्ये शहरसुधार मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने बांधलेली पत्थरगट्टीची दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. दुकानांपुढे दगडी कमानींची ओळ, तिच्याखाली चालण्याची वाट आणि त्या वाटेवर वरचा मजला. उन्हात वा पावसात पादचारी कोरडा जातो आणि मालकाची जागाही वाया जात नाही. आज पुष्कळ ठिकाणी कमानीखाली माल मांडल्याने ती वाट अरुंद झाली आहे, हा दोष बांधणाऱ्याचा नव्हे, वापरणाऱ्यांचा.

१९३५ सालच्या मोअज्जम जाही मार्केटात घड्याळाच्या मनोऱ्याच्या दोहों बाजूंस दुकानांचे हात पसरले आहेत आणि मधे मोकळे अंगण आहे. मधल्या काळात त्या अंगणाचा वाहनतळ झाला होता. २०२० मध्ये जीर्णोद्धार पुरा झाल्यावर अंगण पुन्हा माणसांना मिळाले.

उलट उदाहरण माझ्या शाळेजवळचे आहे. तेथे एका मालकाने झाड पाडून रस्त्याच्या कडेपर्यंत गाळे काढले. आता आमची मुले बससाठी भर उन्हात उभी राहतात आणि पायवाट उरली नसल्याने रस्त्यावरून चालतात. चौथीच्या एका मुलाला रिक्षाचा धक्का बसून त्याचा हात मोडला. त्या दिवसापासून मी दुकानांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आता माझी सूचना सांगतो. खाली पाचच गाळे असावेत. त्यांच्यापुढे सलग आठ फुटांची ओसरी असावी आणि ती सर्वांना खुली असावी. जोते उंच नसावे. म्हाताऱ्यांना व चाकाच्या खुर्चीला उतार असावा. पाट्या एकाच पट्टीत लागाव्यात. भाडेकरूने ओसरीत माल मांडू नये, ही अट करारातच लिहावी. पत्थरगट्टीने दिलेला धडा तो हाच.

आपली जागा पश्चिमाभिमुख आहे. पश्चिमेचे ऊन तिरपे येते. त्यास छज्जा पुरत नाही, झाडच लागते. म्हणजे आपण ज्याला अडचण समजतो तो कडुलिंब या इमारतीचा फुकटचा पंखा आहे. मात्र झाडाभोवती फरशी ठोकू नये. फांद्यांच्या विस्ताराखालची माती शक्य तेवढी उघडी ठेवावी, पायाचे खोदकामही मुळांपासून दूर ठेवावे. छपराचे पाणी रस्त्यावर न सोडता शोषखड्ड्यात न्यावे. १०० चौरस मीटर छपरावर १ सेंटीमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी होते. ते आज आपल्याच दाराशी तुंबते. झाडाखाली एक बाक आणि पाण्याचा रांजण ठेवावा. कोणी त्यास पाणपोई म्हणेल, कोणी सबील. तहानलेल्याला दोन्ही सारखेच.

दोन गाळे कमी झाल्याने उत्पन्न घटेल, हे मी नाकारीत नाही. गणित शिकविणाऱ्याने ते नाकारूही नये. ओसरीवर, पत्थरगट्टीप्रमाणे, वरच्या खोल्या काढता येतील. शिंप्याला, वैद्याला, शिकवणीवर्गाला त्या चालतील. तरीही वरचे भाडे खालच्याइतके येणार नाही. ही तूट म्हणजे एखाद्या मुलाचे वर्ष, हे मला ठाऊक आहे, कारण एके काळी ते मूल मीच होतो. म्हणून माझी दुसरी सूचना अशी की पहिली पाच वर्षे ही तूट आम्ही शिष्यवृत्ती घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी भरून काढावी. माझा वाटा मी आजच चिटणीसांकडे देत आहे.

धर्मादाय संस्थेची इमारत भाडे तर आणीलच. पण जो भाडेकरू नाही, गिऱ्हाईक नाही, केवळ रस्त्याने चालला आहे, त्यालाही तिने काही द्यावे. निदान सावली तरी द्यावी. आराखड्यावर अजून सही झालेली नाही. विश्वस्तांनी सही करण्यापूर्वी एकदा भर दुपारी त्या कडुलिंबाखाली उभे राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.