क्रीडांगण आणि करदाता

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी मराठींत म्हण आहे. या दोन्ही कार्यांत अंदाज आणि खर्च यांची गांठ क्वचितच पडते, हा गृहस्थाश्रमाचा नित्याचा अनुभव. परंतु गृहस्थाचा अंदाज चुकला तर त्याची झळ त्यालाच लागते. एखादें नगर लोकांच्या करांतून क्रीडांगण बांधूं लागलें, म्हणजे अंदाज करणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, अशी स्थिति होते. तिचा परिणाम काय होतो, हें उत्तर अमेरिकेंतील दोन नगरांच्या वृत्तान्तावरून चांगलें कळतें.

१९७० च्या मे महिन्यांत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक ॲमस्टरडॅम येथें भरली. तींत १९७६ चे उन्हाळी सामने कॅनडांतील मॉन्ट्रिऑल नगरास आणि हिवाळी सामने अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर नगरास देण्यांत आले.

मॉन्ट्रिऑलचे महापौर झाँ द्रापो हे मोठे उद्योगी गृहस्थ. १९६७ चें जागतिक प्रदर्शन त्यांच्याच कारकीर्दींत यशस्वी झालें होतें. स्मारक नाणीं, टपालाचीं तिकिटें आणि सोडत यांतून सामन्यांचा खर्च परस्पर भागेल, असें त्यांनीं लोकांस निक्षून सांगितलें. मुख्य क्रीडांगणाचा आरंभींचा अंदाज १३ कोटी ४० लाख डॉलरांचा होता. फ्रेंच स्थापत्यविशारद रॉजे तायिबेर यांनीं त्यावर झुकलेला एक उत्तुंग मनोरा कल्पिला व त्याच्या आधारानें उघडझांक होणारें छत योजिलें. कल्पना भव्य होती. पुढें महागाई भडकली, मजुरांचे संप झाले, आणि नगराच्या आवांक्याबाहेर गेलेलें काम १९७५ च्या अखेरीस क्वेबेक प्रांताच्या सरकारास हातीं घ्यावें लागलें. सामने सुरू झाले तेव्हां मनोरा अर्धवटच होता. त्यावरील छत १९८७ मध्यें चढलें. व्याजासह एकूण खर्च सुमारें दीडशें कोटी डॉलरांवर गेला. तें कर्ज फेडण्यासाठीं तंबाखूवर खास कर बसविण्यांत आला व तें २००६ मध्यें फिटलें. म्हणजे त्या उन्हाळ्यांत जन्मलेलें मूल तीस वर्षांचें झालें, तेव्हां कोठें पंधरा दिवसांच्या उत्सवाचें देणें संपलें. शिवाय नादिया कोमानेची या बालिकेनें दहांपैकीं दहा गुण मिळविण्याचा जो पराक्रम केला, तो या क्रीडांगणांत घडलाच नाहीं. तो १९२४ सालीं उघडलेल्या जुन्या फोरम सभागृहांत घडला.

डेन्व्हरमध्यें मात्र वाद वेळींच पेटला. सामन्यांमुळें नगराचा लौकिक होईल, प्रवासी येतील, व्यापार वाढेल, असें पुरस्कर्ते म्हणत. खर्चाचे आंकडे दरवेळीं वाढतात, डोंगर आणि अरण्यें यांची नासाडी होईल, असें विरोधक म्हणत. रिचर्ड लॅम हे तरुण विधिमंडळ-सभासद विरोधकांचे पुढारी होते. १९७२ च्या नोव्हेंबरांत प्रश्न राज्याच्या मतदारांपुढें आला, आणि शेंकडा सुमारें साठ मतें सरकारी पैसा देण्याविरुद्ध पडलीं. सामने ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें गेले. लॅम पुढें राज्याचे गव्हर्नर झाले.

यावरून तेथील लोक अरसिक किंवा कंजूष ठरतात काय? तसें दिसत नाहीं. १९९० मध्यें बेसबॉलच्या क्रीडांगणासाठीं खरेदीवर शंभर डॉलरांस दहा सेंट कर द्यावा काय, असें डेन्व्हर व आसपासच्या परगण्यांतील मतदारांस विचारण्यांत आलें. त्यांनीं होकार दिला. १९९५ मध्यें तें क्रीडांगण खुलें झालें. १९९८ मध्यें तोच कर फुटबॉलच्या क्रीडांगणासाठीं पुढें चालूं ठेवण्यासही त्यांनीं मान्यता दिली. आणि कर्जें फिटल्यावर तो कर उठला.

सामान्य मतदारास बांधकामाचें ज्ञान नसतें, तेव्हां त्याचें मत कशास घ्यावें, असा आक्षेप घेतला जातो. त्यांत तथ्य आहे. पण मत मागावयाचें म्हटलें कीं मागणाऱ्यास कराचा दर, कर्जाची मुदत आणि खर्चाची मर्यादा उघडपणें मांडावी लागते. तो हिशेब मांडतांना जो विचार करावा लागतो, तोच निम्मा संकट टाळणारा असतो. खेळ राष्ट्रास बळ देतात, त्यांवर सार्वजनिक पैसा अवश्य खर्चावा. मात्र पायाचा दगड बसण्यापूर्वीं पैसे देणाऱ्यास विचारावें. दगड बसल्यावर त्याच्या हातीं केवळ फेडणें उरतें.