बाई गावात टिकाव्यात म्हणून

पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. भरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. पण ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली. तेवढ्यात पहिलीतली पोरं पाचवी ओलांडून गेली की! नव्या शिक्षणसेवकाला ३ वर्षं मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला ते ६,००० होतं, २०२३ पासून १६,००० झालं, बरं झालं. पण वाडीवर राहायला खोलीच नसेल, तर बाई पहिल्या संधीला बदली मागणारच ना? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आम्ही गटातल्या जणींनी ठरवलंय, येत्या बैठकीत रिकाम्या पदाची मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी पाठवायची, आणि बाईंसाठी खोली आपणच बघायची.